येते हं

१

सोमवारी सकाळी कौमुदीने खोलीचं कुलूप उघडलं तेव्हा गेल्या आठवड्यातला कॉफीचा वास आत तसाच कोंडून राहिला होता. खिडक्यांपैकी एकच उघडायची, तीही वरून चार बोटं. तिने ती उघडली, हीटरची चावी फिरवली, खुर्च्या गोल मांडल्या, शेजारच्या चहाच्या खोलीत जाऊन कॉफीचं यंत्र सुरू केलं आणि मगच कोट काढला. कोट आधी काढला तर थंडी वाजते आणि खुर्च्या मांडायचा कंटाळा येतो, एवढं ज्ञान तिला या नोकरीने दिलं होतं.

हॅम्बर्गच्या बंदराजवळ जुन्या विटांच्या कचेऱ्यांच्या इमारती आहेत, त्यांतल्या एकीच्या चौथ्या मजल्यावर ही खोली. कौमुदीची संस्था अभ्याससहली काढायची. जर्मन नोकरदारांना शिकण्यासाठी दरवर्षी थोडी भरपगारी रजा मिळते, 'बिल्डुंग्सउरलाउब' म्हणतात तिला. त्या रजेत कुणी स्पॅनिश शिकतं, कुणी योगासनं करून कंबर धरून घेतं, आणि कुणी कौमुदीच्या संस्थेकडे येतं. या खेपेचा विषय होता हवाई बेटांचा इतिहास आणि तिथे झालेली संस्कृतींची गाठभेट. आठवडाभर हॅम्बर्गमध्ये अभ्यास, शनिवारी विमान, मग दोन आठवडे बेटांवर.

या सहलीला कौमुदी आपल्या लेकीला, वल्लरीला, बरोबर नेणार होती. शाळेची सुट्टी नेमकी तेव्हाच लागत होती. नवरा, हृषिकेश, वर्षभर झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात होता. शनिवार-रविवारी आला तर आला. घरात दोघीच, आणि दोघींमध्ये आठवडेच्या आठवडे धड बोलणं नाही. पंधरा वर्षांच्या पोरीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं, आणि आताशा तेही येईनासं झालं होतं. हे दोन आठवडे मिळाले तर पोरगी आपल्याला परत मिळेल, असं कौमुदीने मनाशी घट्ट धरलं होतं. बाकी तिच्या अंगात काही त्राण उरलं नव्हतं. त्या एका गोष्टीच्या जोरावर ती हा आठवडा रेटत होती.

शिकवायला नोहेआ होती. काउआई बेटावरची, हॅम्बर्गच्या माणसाशी लग्न करून इथे आलेली, पन्नाशीची ठेंगणी बाई. लोक फुलांच्या माळा आणि गाणी मिळतील या आशेने जमले होते. तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना पुन्हा बाहेर व्हरांड्यात काढलं.

"आमच्याकडे कुणाच्या जागेत जायचं तर आधी दारात उभं राहून विचारतात," ती म्हणाली. "विचारायचं एक गायन असतं. ते मी तुम्हाला शिकवणार नाही, ते आठवड्याभरात शिकायची गोष्ट नाही. पण रीत शिका. बाहेर थांबा, आपण कोण ते सांगा आणि वाट बघा. आतून उत्तर आलं तर जा. नाही आलं तर मुकाट्याने परत फिरा."

"आणि आतून उत्तर कोण देणार?" हेर पेटर्सननी विचारलं. 'हेर' म्हणजे जर्मनमधलं 'श्रीयुत'; हे निवृत्त भूगोलशिक्षक. संस्थेच्या प्रत्येक सहलीला यायचे, स्वतःची उशी घेऊन.

"जिची जागा, ती. कौमुदी, कुलूप तू उघडतेस ना? मग तू आत थांब. तुझ्या भाषेत बोल."

दार लागलं. बाहेर थोडी कुजबूज झाली, कुणी खाकरलं, मग एकेकाने आपलं नाव सांगितलं. कौमुदी रिकाम्या खोलीत उभी होती. घरी पाहुणे आले की तोंडातून जे येतं तेच आलं. "या!"

बाहेर हशा पिकला. जर्मनमध्ये 'हो' म्हणायचं तर 'या'च म्हणतात, त्यामुळे दोन्ही भाषांत उत्तर बरोबर बसलं. नोहेआलाही ते फार आवडलं, आणि रोज सकाळी असंच आत यायचं ठरून गेलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर कौमुदीने कप विसळले, दिवे मालवले, दार ओढता ओढता आत बघून म्हणाली, "येते हं." कुणाला? कुणालाच नाही. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, हे लहानपणी आईने तोंडावर हात ठेवून शिकवलेलं, आणि तेव्हापासून जीभच तशी वळलेली. देवघराला, बंद गॅसला, सुट्टीत भाड्याने घेतलेल्या खोलीलासुद्धा ती 'येते हं' म्हणायची. हृषिकेश तिला त्यावरून चिडवायचा.

२

मंगळवारी नोहेआने जर्मन माणसांचीच गोष्ट काढली. दीडशे वर्षांपूर्वी ब्रेमेनहून जहाजात बसून काउआईला उसाच्या मळ्यांवर गेलेली कुटुंबं, त्यांनी तिथे बांधलेलं चर्च, चालवलेली शाळा. लोकांना आपलं कुणी तिथवर पोचलं होतं याचं मोठं कौतुक वाटलं. "आणि त्यांनी दारात उभं राहून विचारलं होतं का?" असं नोहेआने विचारल्यावर मात्र सगळे आपापल्या कपात बघू लागले. दिवस पावसातच गेला. बंदरातल्या फेरीबोटी अधूनमधून भोंगा द्यायच्या आणि हीटरचा पाइप टिकटिकायचा.

संध्याकाळी कौमुदीने दिवे मालवले आणि दार ओढलं. "येते हं."

"ये," आतून कुणीतरी म्हणालं.

किल्ली कुलपात होती. तिने ती फिरवली नाही. पाइप असेल. एवढासा शब्द, तो पाइपमधून येऊ शकतो, लिफ्टच्या दोरातून येऊ शकतो, दिवसभर दमलेल्या डोक्यातून तर सहजच येऊ शकतो. तिने दार उघडून दिवा लावला. "हालो?" खुर्च्या, खिडकी, भिंतीवर प्रशांत महासागराचा नकाशा. चहाच्या खोलीत उपडे ठेवलेले कप. तिने पुन्हा सगळं बंद केलं, या वेळी तोंडातून शब्द न काढता, आणि जिन्यानेच खाली उतरली.

गाडीत बसल्यावर तिला खटकत राहिला तो त्या आवाजाचा सूर. त्यात भिववणारं काही नव्हतं. हातातलं काम न थांबवता, मान वर न करता घरातलं माणूस घरातल्या माणसाला म्हणतं तसं ते "ये" होतं. तिला असं कुणी म्हणून कितीतरी दिवस झाले होते.

घरी वल्लरी कानात गाण्याची यंत्रं खुपसून सोफ्यावर पडलेली.

"जेवलीस का गं?"

"कधीच," वल्लरी जर्मनमध्ये म्हणाली.

"मग आज बॅग भरायला घेऊ या? पोहायचे कपडे बघायला हवेत तुझे. गेल्या वर्षीचे होतात का?"

वल्लरीने एका कानातलं यंत्र काढलं. "आई, तू रोज फोनवर 'येते, येते' म्हणतेस आणि येत नाहीस. विमानात तरी बसणार आहेस ना?" सगळं वाक्य जर्मनमध्ये होतं. त्यात 'येते, येते' एवढंच मराठी, आणि तेही कौमुदीच्या आवाजाची नक्कल करून. नक्कल हुबेहूब होती. कौमुदीला हसू यायला हवं होतं, पण ती भांडी लावायला निघून गेली.

३

बुधवारी सकाळी कोट घालून, बूट चढवून ती मिनिटभर सोफ्यावर टेकली आणि तिथेच तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा वल्लरी शाळेला निघून गेली होती. उठवलंसुद्धा नाही कार्टीने. कौमुदी धावतपळत गाडीला गेली, बंदरापाशी उतरून पावसातून पळाली, चौथा मजला गाठला तेव्हा व्हरांडा रिकामा होता. खोलीचं दार उघडं, आत सगळे आपापल्या जागी, हेर पेटर्सन उशीवर विराजमान.

"माफ करा," ती धापा टाकत म्हणाली, "फारच उशीर झाला."

"कशाला?" पेटर्सननी विचारलं. "कॉफी तर आज उत्तम झाली आहे."

"पण तुम्ही आत कसे आलात?"

"अहो, नेहमीसारखेच. आम्ही नावं सांगितली, तुम्ही 'या' म्हणालात. आम्हाला वाटलं, मग तुम्ही चहाच्या खोलीत गेलात." मग ते डोळे मिचकावून म्हणाले, "आज आवाजात जरा उत्साह होता, बरं का."

कौमुदीने कोट काढला आणि ओला कोट मांडीवर घेऊन बसली. विचार न करता घाबरून जायला ती काही मूर्ख नव्हती. काल कुलूप लावलंच नसेल, घाबरून पळाली होती ती. कुणीतरी लवकर आलं असेल, त्याने कॉफी केली असेल. आणि बाहेरून कुणी विचारलं तर कुणीही जर्मन माणूस आतून 'या' म्हणेलच की. सगळं नीट जुळत होतं. फक्त खुर्च्या. खिडकीच्या उजेडाचा डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून ती प्रत्येक खुर्ची किंचित भिंतीकडे वळवून ठेवायची. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आजही सगळ्या खुर्च्या तशाच वळवलेल्या होत्या.

मधल्या सुट्टीत नोहेआ तिच्यामागे चहाच्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं.

"सकाळी आत कोण होतं?"

"असेल कुणीतरी. मस्करी केली असेल."

"आवाज तुझा होता. मी दोन दिवस ऐकला आहे." नोहेआ कप धुवायला लागली. "काल मी छत्री विसरले म्हणून परत वर आले होते. तू दारात उभी राहून आत काहीतरी म्हणालीस. काय म्हणालीस?"

कौमुदीला एकदम लाजल्यासारखं झालं. "येते हं, म्हटलं. आमच्यात निघताना तसंच म्हणतात."

"म्हणजे काय? 'मी येते'?"

"हो. म्हणजे परत येईन."

"'मी' म्हणालीस?"

"नाही, 'मी' लागत नाही. नुसतं 'येते'."

"आणि 'ती येते' असं म्हणायचं असेल तर?"

"तेच. येते," कौमुदी म्हणाली, आणि हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली.

नोहेआने नळ बंद केला. "मला तुमची भाषा कळत नाही," ती सावकाश म्हणाली. "पण रिकाम्या जागेला कोण येणार ते न सांगता वचन देऊ नये, एवढं मला वाटतं."

४

त्या संध्याकाळी कौमुदी काही न बोलता कुलूप लावणार होती. तेवढ्यात फोन वाजला. वल्लरी.

"आज पण उशीर?"

"येते गं, येते!" कौमुदी म्हणाली, आणि दार अजून उघडंच आहे हे तिच्या लक्षात आलं.

ती निघालीच होती, पण लगेच दुसरा फोन आला. विमान कंपनीने गटातल्या जागा इकडच्या तिकडे केल्या होत्या, वल्लरीची जागा तिच्यापासून लांब गेली होती. ती जागा काही झालं तरी शेजारी हवी म्हणून कौमुदी खुर्चीवर बसून भांडत राहिली. जागा मिळाली तेव्हा बाहेर अंधारलं होतं. एस-बानमध्ये, म्हणजे शहरातल्या लोकलमध्ये, ती उभ्या उभ्या पेंगली.

घरात शिरल्या शिरल्या तिला खोबरेल तेलाचा वास आला. वल्लरी जेवणाच्या टेबलाशी पाठमोरी बसून अभ्यास करत होती. तिच्या पाठीवर एक घट्ट, चकचकीत वेणी होती. गेली तीन-चार वर्षं या पोरीने डोक्याला हात लावू दिला नव्हता.

"केस कुणी बांधले?"

वल्लरी वळली. चेहरा धुतल्यासारखा मोकळा झाला होता. कौमुदीकडे बघून ती हसली, मग तिच्या कोटाकडे बघून जराशी गोंधळली. "हे काय विचारतेस?" जर्मनमध्ये म्हणाली. आणि मग, ओठांनी शब्द शोधत, मराठीत. "तूच."

कौमुदी स्वयंपाकघरात गेली. तेलाची बाटली तिथे होती. इथल्या थंडीत खोबरेल दगडासारखं गोठतं, बाटली गरम पाण्यात ठेवावी लागते, आणि तेवढा वेळ कुणाला असतो म्हणून ती बाटली न्हाणीघराच्या कपाटात मागे पडून राहिली होती. आता ती स्टीलच्या वाडग्यात उभी होती. तिने पाण्यात बोट घातलं. पाणी अजून कोमट होतं.

तिने हृषिकेशला फोन लावला. "अरे, मला जरा बरं वाटत नाहीये. मी काय करते ते माझं मलाच..."

"काय झालं? मगाशी तर छान बोललीस."

"मगाशी?"

"अगं, आत्ता तासाभरापूर्वी! आपण पंधरा-वीस मिनिटं बोललो. खरं सांगू का, फार बरं वाटलं. किती दिवसांनी माझं नीट ऐकून घेतलंस तू." तो थांबला. "कौमुदी? गेनाऊ, अगदी हेच मगाशीही म्हणत होतो मी, फार दमली आहेस. तू जरा झोप काढ."

तिने झोप काढली नाही. पलंगावर बसून हिशेब लावत राहिली. दमलेल्या माणसाला आपण दूध कपाटात आणि साखर फ्रिजमध्ये ठेवल्याचं आठवत नाही. डॉक्टर त्याला 'बर्नआउट' म्हणतात आणि रजा देतात. तशीच मी मध्ये घरी आले असेन. तेल गरम केलं असेल, वेणी घातली असेल, नवऱ्याशी बोलले असेन आणि परत जाऊन त्या खुर्चीवर बसले असेन. तिला यातलं काहीही आठवत नव्हतं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तिला त्या वेणीचा हेवा वाटत होता.

५

गुरुवारी नोहेआ भाषेबद्दल बोलली. मळ्यांवर जपानी, चिनी, पोर्तुगीज, फिलिपिनो, सगळ्यांची पोरं एकत्र खेळून एक खिचडी बोली तयार झाली, त्याचे गमतीदार नमुने तिने म्हणून दाखवले. मग १८९६ साली कायदा होऊन शाळांतून हवाईयन भाषा गेली, फक्त इंग्रजी राहिली, हे सांगताना मात्र ती हळू झाली. "मुलांना त्रास नको म्हणून आयाच मुलांशी इंग्रजीत बोलायला लागल्या," ती म्हणाली. "माझी पणजी मात्र आमच्या घरात शेवटपर्यंत तिच्याच भाषेत हाक मारायची. माझी आई तिला इंग्रजीत ओ द्यायची. एके दिवशी पणजीने हाक मारायची सोडून दिली. आईला ते कितीतरी दिवसांनी लक्षात आलं."

कौमुदीच्या डोळ्यांना धारा लागल्या. खोलीत सगळ्यांसमोर, उघड्यावर. हेर पेटर्सननी तिला आपला रुमाल दिला.

त्या दिवशी कुलूप लावायचं काम नोहेआवर सोपवून ती दुपारीच निघाली. आज कुणाला काही 'येते' म्हणाली नाही. घरी आली तर वल्लरीच्या खोलीचं दार बंद होतं आणि आतून वल्लरीचा आवाज येत होता. मराठीत. अडखळत, चुकीची लिंगं वापरत, पण भरभरून. वर्गातल्या मुलींनी तिला त्यांच्या गटातून काढलंय. ती डबा एकटी खाते. तिला हे वर्षभर कुणाला सांगायचं होतं. मधूनमधून ती थांबत होती आणि कुणीतरी हलकेच "हं... मग?" म्हणत होतं.

कौमुदीचा हात दाराच्या मुठीवर होता. वल्लरी बोलत राहावी म्हणून ती श्वास रोखून उभी राहिली. वर्षभर! एका घरात राहून तिला यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. मग तिने दार उघडलं.

वल्लरी पलंगावर एकटीच होती. उशीला टेकून, पाय पोटाशी घेऊन. शेजारी गादीवर कुणी बसून उठल्यावर पडतो तसा खळगा होता. कौमुदीला बघितल्यावर तिचा चेहरा मिटला आणि ती जर्मनवर आली.

"काय राहिलं? आत्ता तर बाहेर गेलीस." मग तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत, "पुन्हा तो ओला कोट का घातलास? त्याने तू अशी दिसतेस."

"कशी?"

"दुसरीच कुणीतरी," वल्लरी म्हणाली.

शुक्रवारी शेवटचा वर्ग लवकर संपला. सगळ्यांनी उद्या विमानतळावर भेटायचं म्हणून हात हलवले. नोहेआ मागे रेंगाळली. कौमुदीने तिला वेणीचं सांगितलं, मिटलेल्या चेहऱ्याचं सांगितलं, तुटक तुटक, जमेल तसं. नोहेआने तिचा हात हातात घेतला.

"मला यातलं काही माहीत नाही, आणि मी काही मांत्रिक नाही," ती म्हणाली. "पण तू त्या जागेला सांगितलंस की येते. आता नीट निरोप घे. जाते म्हणून सांग. स्पष्ट, तुझ्या भाषेत. अर्धवट ठेवू नकोस."

कौमुदीने तोंड उघडलं. 'जाते' म्हणायचं नसतं, आणि का म्हणायचं नसतं, तो शब्द आमच्याकडे कोणासाठी राखून ठेवलेला असतो, हे तिला सांगायला हवं होतं. पण ते जर्मनमध्ये मांडायचं, त्यावर नोहेआचे प्रश्न, त्यांची उत्तरं... ते सगळं तिच्या जिवावर आलं. पाच दिवस ती बोलतच होती. ती नुसतं "हो" म्हणाली. नोहेआने तिला मिठी मारली आणि ती लिफ्टने खाली गेली.

दुपारचे चार वाजायचे होते. खोलीत करडा उजेड होता, पाऊस थांबला होता, हीटरही गप्प होता. कौमुदीने खुर्च्या भिंतीशी लावल्या, किल्ली कुलपात घातली आणि दारात उभी राहिली. जीभ वळेना. बोटं आपोआप तोंडाकडे जायला लागली, ती तिने खाली दाबली. उद्या लेकीला घेऊन विमानात बसायचं आहे, तिने स्वतःला बजावलं. एकच शब्द आहे.

"जाते," ती म्हणाली.

बराच वेळ काही झालं नाही. मग चहाच्या खोलीतून, हातातलं काम संपवून कुणी मोकळं व्हावं तसा तो आवाज आला.

"बरं. जा."

आणि भिंतीशी लावलेल्या खुर्च्यांपैकी एक सरकली.

६

ती जिन्याने उतरली की पडली हे तिला नंतर सांगता आलं नसतं. खालच्या दाराशी हाउसमाइस्टर, इमारतीची देखभाल करणारा माणूस, जमीन पुसत होता. रोज तिला "मोइन" म्हणून नमस्कार करणारा. त्याने फडक्यावर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "आपल्याला कुणाकडे जायचंय?"

"मी कौमुदी," ती म्हणाली. "चौथ्या मजल्यावरची."

"त्या आत्ताच गेल्या," तो म्हणाला. "अगदी आत्ता. धावलात तर गाठाल."

ती धावली नाही. एस-बानमध्ये तिच्यासमोर बसलेल्या कुणी तिच्याकडे बघितलं नाही, आणि त्याचा तिला आधार वाटला, कारण हॅम्बर्गमध्ये कुणीच कुणाकडे बघत नाही. हाउसमाइस्टरचा चष्मा नसेल. तिचे केस विस्कटलेत, रडून तोंड सुजलंय. घरी जाऊन गरम पाण्याने अंघोळ करायची आणि बॅगा भरायच्या. मग शेजारची जागा, सोळा-सतरा तासांचा प्रवास, आणि पोरगी सगळं सांगेल, मला सांगेल, आणि मी मध्ये एक शब्दही न बोलता ऐकेन. हे ती सगळ्या वाटभर मनात म्हणत राहिली.

घराच्या दारात तिने पर्समध्ये हात घातला. किल्ल्या नव्हत्या. त्या तिकडे कुलपातच राहिल्या होत्या, घराची किल्लीही त्याच जुडग्यात. तिने घंटी दाबली.

आत पावलं वाजली. पोळी भाजल्याचा खमंग वास दाराच्या फटीतून आला. वल्लरीने दार उघडलं. वेणी ताजी घातलेली होती. तिच्यामागे, भिंतीवरच्या खुंटीला किल्ल्यांचा जुडगा लटकत होता, अजून थोडा हलत. पॅसेजमध्ये दोन बॅगा भरून, पट्टे आवळून उभ्या होत्या.

"वल्लरी," कौमुदी म्हणाली.

वल्लरीने तिच्याकडे नीट बघितलं. डोळ्यांना डोळे भिडवून, लक्ष देऊन, जसं तिने कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. आणि मग जर्मनमध्ये, परक्या माणसाशी बोलायच्या त्या 'झी'मध्ये, शाळेत शिकवल्यासारखं विचारलं, "आपल्याला कोण हवंय?"

आईला कुणी 'झी' म्हणत नाही. भांडणात म्हणत नाही, चेष्टेतही म्हणत नाही. कौमुदीने दाराची चौकट धरली. वल्लरीच्या खांद्यावरून तिला स्वयंपाकघराचा एक तुकडा दिसत होता. ओट्याशी एक बाई पाठमोरी उभी होती. करडं जाकीट, कोपरापर्यंत वर केलेल्या बाह्या, पोळपाटावर फिरणारे हात. पोळी फिरवताना डावा अंगठा बाहेर काढायची ती कौमुदीचीच लकब. पाठ ताठ होती, कौमुदीची कितीतरी वर्षांत नव्हती इतकी ताठ आणि निवांत. लाटणं थांबलं. बाई वळायला लागली, कानाची पाळी दिसली, गालाची कड दिसली, आणि वल्लरी मध्ये आली.

"कोण आहे गं?" आतून विचारलं.

"माहीत नाही, आई." वल्लरी मान मागे वळवून म्हणाली. मराठीत, न अडखळता. "कुणी बाई आहेत. फार दमलेल्या दिसतायत."

"अगं मग दारात काय उभं केलंस त्यांना? पाणी विचार."

मी आहे, असं म्हणायचं होतं. तो माझा स्वयंपाक आहे, ती माझी बॅग आहे, तुझ्या शेजारची जागा मी भांडून मिळवली आहे. शब्द सगळे होते, फक्त ते वर आणायला लागतं ते काही अंगात उरलं नव्हतं. आणि वल्लरी समोर उभी होती, इतकी जवळ की तेलाचा वास येत होता. लहानपणी ताप उतरल्यावर दिसायचा तसा तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता. त्या चेहऱ्यावर खरी काळजी होती.

"पाणी हवंय का तुम्हाला?" वल्लरीने मराठीत विचारलं.

कौमुदी "हो" म्हणाली.